कारण बताओ

नोटीस हिंदीत आहे. इंदुरात असायचीच.
वर ठळक अक्षरांत: कारण बताओ.
आमच्या घरच्या भाषेत याला म्हणतात
कारणे दाखवा.

सांगायचं तर एका ओळीत सांगेन.
दाखवायचं म्हणजे कुठून आणू?
कोणत्या खिशातून काढून
साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवू?

सत्तावीस वर्षं गाडी शिकवतोय.
बिडवई मोटर ट्रेनिंग, महूनाक्याजवळ.
पांढरी आल्टो, मागे लाल एल,
डावीकडे माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक, दुसरा क्लच.
शिकून गेले डॉक्टर, सासवा-सुना, एक महंत,
आणि चढावर गाडी मागे घसरली
की डोळे मिटून घेणारा एक मुलगा,
राघवेंद्र भदौरिया.

तोच उभा होता पलासियाला.
पांढरी टोपी, हातात मशीन.
"सर," म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "सर, फूँकना पड़ेगा."

मी फुंकलं.
चौसष्ट.
तीसपर्यंत चालतं.

शेजारची सीट रिकामी होती तेव्हा.
दुसरा ब्रेक होता, पाय नव्हता.

वकील पोरवाल खूश आहेत.
त्यांच्या मते केस तब्येतीत आहे:
मशीनच्या पावतीवर साल दोन हजार एक,
म्हणजे घड्याळ कधी कुणी लावलंच नाही.
लायसन निलंबित सहा तारखेला,
नोटीस हाती पडली अकराला.
आधी शिक्षा, मागून विचारपूस, हा कुठला न्याय?
"और खाँसी का सिरप लिख दें?"
मी म्हटलं, राहू द्या.
"लिख देते हैं. जाता क्या है."

सिरपचं सोडा, साल खरंच चुकलंय.
कागदावर मला पकडलं
तेव्हा मुक्ता दोन वर्षांची होती,
मारुती आठशेचे हप्ते चालू होते,
आणि पेट्रोलच्या वासाशिवाय
माझ्या तोंडाला कसलाही वास नव्हता.
त्या माणसाचं अपील असेल
तर आत्ता सही करतो.

या माणसाचं कारण असं काही नव्हतं.
कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं.
ओगल्यांकडे पत्ते होते, शेव होती,
तिसऱ्या डावानंतर कुणीतरी पुन्हा ग्लास भरले.
निघताना ओगले म्हणाले, रिक्षा बोलावू?
मी चपलेत पाय शोधत म्हटलं,
अरे, मी तर शिकवतो.

झाली की एक ओळ.
पोरवालांनी ती अर्जात घेतली नाही.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, कुछ कहना है?
माझ्या आधी पोरवाल उभे राहिले.
ते बोलत होते आणि मी
समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होतो:
पुढे शाळा, पुढे रस्ता अरुंद,
पुढे फाटक, चौकीदार नाही.
सगळी पाठ. उलटीसुद्धा.
बाकावर शिकाऊ लायसनची पोरं बसलेली,
त्यातल्या एकीनं ओळखून नमस्कार केला.
मी फाइल या हातातून त्या हातात घेतली.

पुढची तारीख एकोणीस.

परत येताना गाडी मुक्ताची.
डावीकडे बसायची तर मला सवयच आहे,
म्हटलं, काय फरक पडणार.
नवलखाच्या सिग्नलला पुढे एक सिटी बस,
मधे घुसलेली ई-रिक्षा,
आणि माझा पाय गच्च रुतलेला
रबरी मॅटमध्ये, जिथे काहीच नाही.

तिनं खाली बघितलं. मग समोर.
"बाबा," म्हणाली,
"लावलाय मी. मघाशीच."