मान

दीड वर्ष झालं.
ईसलनं अजून मान धरलेली नाही.

महिन्याच्या पत्रात मी हे लिहीत नाही.
लिहिते : विहिरीचं काम कठड्यापर्यंत आलं,
बाप्तिस्मे सात, शिवणवर्गाला दोन मशीनं मिळाली.
आणि अगदी तळाशी, सहीच्या वर उरलेल्या जागेत,
बाळासाठी प्रार्थना असू द्या.
काय मागायचं ते लिहीत नाही.
तिकडे इंचनच्या मंडळीत कुणीतरी उभं राहून वाचत असेल,
आणि शंभर माना एकदम खाली.

ईसल म्हणजे दव.
ती पोटात असतानाच ठरवलं होतं नाव.
आता हे डोकं झोपेत किती जड होतं
ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा.

झटका येतो तेव्हा सेकंद मोजायचे असतात.
मी चिचेवात मोजायला लागते, सवय व्हावी म्हणून,
पण त्या भाषेत मला वीसपर्यंतच येतं
आणि झटका वीसच्या पुढे जातो.
पुढचे आकडे माझ्या आईच्या भाषेतले.

म्हातारा चिसाले उपासनेनंतर थांबला.
म्हणाला, पाळक, माझ्या गुडघ्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीत,
गुडघा बरा झाला.
मुलीसाठी कोण करतं?
दोंगहा हसला.
रात्री उठून म्हणाला, जनरेटरचं तेल बघून येतो.
जनरेटर आठवडाभर बंदच होता.
हल्ली उपदेशात तो बरं होण्याच्या गोष्टींची पानं वगळतो.
मी काही बोलत नाही. मोजते फक्त.

मान सावरणारी खुर्ची पाठवली आहे म्हणतात.
कंटेनर बेइराच्या बंदरात, कागद लिलाँग्वेत, शिक्का कुठे कुणास ठाऊक.
शेवटी बिझवेककडे गेलो. तो शवपेट्या करतो.
त्यानं सवयीनं सुतळी काढली,
टाळूपासून टाचेपर्यंत लावली,
आणि माझ्याकडे पाहिलं.
सुतळी त्यानं भुशात टाकून दिली.
मग हाताच्या वितीनं मापलं, हळू,
साडेतीन विती, वर दोन बोटं.
खुर्ची चांगली झाली. कडा तासून गुळगुळीत.
लाकूड कशातलं उरलं होतं, विचारलं नाही.

नाम्वाले दुपारी सरोवरावरून येते,
वाळत घातलेल्या उसिपाचा वास हातांना.
ती बाळाला पाठीवर घेते : एक चितेंजे नेहमीसारखं,
दुसरं अरुंद घडी घालून मानेमागून, दोन्ही टोकं पुढे छातीवर.
डॉक्टरांच्या कागदावर असलं काही नव्हतं.
कुठे शिकलीस, विचारलं.
माझी धाकटी बहीण अशीच होती.
मग?
मग काय. नऊ वर्षं पाठीवर होती.
पुढचं तिनं सांगितलं नाही.
वाकून मका सोलायला बसली,
ईसल तिच्या खांद्याआडून
कोंबड्यांकडे बघत, किंवा नसेलही बघत.

मिशनच्या ऑफिसचं पत्र टेबलावर आहे.
परतण्याबाबतचा निर्णय मेअखेर कळवावा.
भाषा फार मायेची आहे. तीनदा वाचलं.
तिकडे दवाखाने आहेत, लिफ्ट आहेत, रुंद दरवाजे आहेत,
आणि बसमध्ये नजर चुकवणारे लोक आहेत.
इथे नजर कुणीच चुकवत नाही.
बाजारात बायका सरळ विचारतात, हिला काय झालंय,
आणि उत्तर ऐकायच्या आधीच हात पुढे करतात.
पण इथे औषधाची बाटली संपायला आली की
मला झोप लागत नाही, हेही खरं.
मी अजून काही ठरवलेलं नाही.
दोंगहानं ठरवलं असेल, तर तो तेल बघायला जातो.

रविवारी आईचा फोन येतो.
रेंज असते ती पपईच्या झाडापाशी, तिथेच उभी राहते.
ती हवामान विचारते, तांदूळ मिळतो का विचारते,
मग थोडी थांबते,
मग दर वेळचं ते एकच :
मान धरली का गं?

समोर ओट्यावर नाम्वाले मका खाते आहे एका हातानं.
दुसरा हात, खवल्यांनी चकाकणारा,
ईसलच्या मानेखाली.

हो आई, म्हणाले, धरली आहे.
कुणी, ते तिनं विचारलं नाही.