नरम अक्षर

गावाचं नाव पान्त-अ-व्रान. कावळीचा खळगा.
पण गावाकडे निघालात तर ते बान्त-अ-व्रान होतं,
आणि गावात असाल तर म्हान्त-अ-व्रान.
आमच्या वेल्शमध्ये शब्द तोंडाकडून वळतो,
शेजारी कोण बसलंय ते बघून
पहिलं अक्षर जरा सरकून घेतं.

एकतीस वर्षं टपाल वाटतेय मी इथे.
घरांना नंबर नाहीत. इदवाल तिघे होते:
इदवाल दूध, इदवाल घड्याळ,
आणि इदवाल नुसता, त्याला काहीच येत नव्हतं.
पाकिटावर एवढंच नाव असलं
तर हस्ताक्षरावरून मी दार ठरवायचे.
वसुलीची पत्रं घड्याळवाल्याची.

प्रार्थनाघरं दोन. माणसं तेव्हा नव्वद.
शेगडी उजवीकडे की डावीकडे, एवढ्यावरून
निम्मं गाव एका रविवारी उठलं
आणि ओढ्यापलीकडे त्याच देवाला
दुसरं घर बांधून दिलं.
आज एकात लोकरीची पोती आहेत,
दुसऱ्यात पाच बायका,
आणि शेगडी मधोमध.

शाळेत एक लाकडी तुकडा असायचा, दोरी ओवलेला.
घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात.
सुटताना ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या.
पणजीची आई लेयकी, लोहाराची पोर,
सलग नऊ दिवस तीच.
गाईशी बोलले, म्हणाली,
तिला दुसरी येत नाही.

पाटीच्या दगडाची खाण बंद झाली तेव्हा
महिनाभर कुत्री चार वाजता कान टवकारून बसायची,
न वाजणाऱ्या भोंग्यासाठी.

मग घरं विकली गेली.
तान-अ-ग्राइगची पाटी उतरली,
'सनसेट व्ह्यू' लागली.
तिथून सूर्यास्त दिसत नाही. मध्ये कडा आहे.
जुन्या नावात तेच तर सांगितलं होतं: कड्याखाली.

काल त्या घरची बाई फाटकाशी भेटली.
आठ महिने झाले त्यांना येऊन.
तिला कळावं म्हणून मी नाव सरळच घेतलं,
रस्ता पान्तकडे जातो, म्हटलं.
तिचा फेलिक्स, वय सात, एक दात पडलेला,
फाटकावर झोके घेत होता.
न थांबताच म्हणाला, बान्त.
इथे नरम करायचं असतं.

मी वीजबिल त्याच्या हातात दिलं
आणि व्हॅन उताराला लावली.
ओढ्याच्या पुलापर्यंत
दोनदा म्हणून बघितलं.