बुधवारची घंटी

लतीफ टेलरच्या ओट्यावर आमची पतसंस्था अजून रोज बुडते.
खरी बुडाली त्याला सात वर्षं झाली.
शटरच्या फटीत बोरीचं रोप उगवलंय,
बोर्डावरचा ‘पत’ उन्हानं खाल्ला,
‘संस्था’ तेवढी उरली.

ठोंबरे सर म्हणतात, व्याज.
बँक सात देत होती तेव्हा आपण साडेबारा घेत होतो,
वरचे साडेपाच कुठून येतात, कोणी विचारलं?
सर अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे.
अजून हवेत एक रेघ उभी काढतात, एक आडवी,
आणि मागणीचा वक्र उतरत उतरत
लतीफच्या कात्रीपर्यंत येतो.

हिरामण मापाऱ्याला वक्र मान्य नाही.
“काट्यावर कोण बसलं होतं थे पाहा ना सर.
अध्यक्षाच्या साळ्याची जिनिंग. कर्ज चाळीस लाख.
तारण काय, तं दोन गंजलेले रेचे.
भंगारवाला बी हात लावत नव्हता त्याईले.”

“अन् सरकारनं वाचवली असती तं?”
कौतिकाबाई चहा ओतता ओतता विचारते.
एकाला वाचवलं की दहा जण बेफिकीर होतात, सर सांगतात.
“अन् नाही वाचवलं तं?”
तर लोक बुडतात.
“म्हंजे बुडाचं कोणाले तरी हायेच.
कोणाले, एवढीच चर्चा व्हय तुमची.”
ती गाळणी झटकते. ओट्यावर थोडी पत्ती पडते.

मी पिग्मीवाला होतो. मी ऐकतो.
अकरा वर्षं हाच रस्ता, कॅरियरला रेक्झिनची पिशवी,
लतीफचे वीस, कौतिकाचे दहा, सलूनचे पंधरा,
घंटी दोनदा, पावती, जांभळा कार्बन.
बोटांची शाई रात्री भाकरीला लागायची.
कोणी ताळेबंद पाहिला नव्हता.
घंटी सगळ्यांनी ऐकली होती.

मग मला मलेरिया झाला.
सोमवारी गेलो नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही.
सलूनमध्ये कोणीतरी म्हटलं,
पिग्मीवाला येऊन नाही राहिला.
एवढंच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठला शटरपुढे रांग लागली,
चपलांची; माणसं पलीकडे कडुनिंबाखाली बसलेली.
साडेअकराला रोखपालानं ड्रॉवर उपडा करून दाखवला.
त्यातून एक टाचणी पडली.

पोकळ होती का? होती.
पण माझा आजा अडाणच्या पुरात
वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधून पार जायचा,
आणि भोपळा तरंगायचा तो पोकळ होता म्हणूनच.
भोक पडलं की संपलं.
आता ते आतल्या किडीनं पडलं
का बाहेरून कोणाचं नख लागलं,
हे धारेत असलेल्या माणसानं कसं सांगावं?

ओट्यावर मी एक गोष्ट बोललेलो नाही.
ताप मंगळवारी रात्रीच उतरला होता.
बुधवारी मी सायकल काढली. हवा भरली.
पिशवी कॅरियरला लावली.
वह्या मीच कपाटातून काढायचो, मीच ठेवायचो;
त्या वर्षी कुठलं पान कोरं राहत होतं, मला दिसत होतं.
कौतिकाचे आणखी दहा रुपये घ्यायला
हात होईना.
सायकल परत भिंतीला टेकवली.

सर म्हणतील, ह्याला काय म्हणतात ते पुस्तकात आहे.
हिरामण म्हणेल, चोर थे, अन् रडून तू ऱ्हायला.
लतीफ काहीच म्हणणार नाही, दोरा दातानं तोडेल.

ऊन ओट्यावरून खाली उतरतं.
मी खिसे चाचपतो, सुटे नाहीत.
“उद्या दे,” कौतिकाबाई म्हणते,
आणि कप विसळायला घेते.
लिहून ठेवत नाही.