नख फिरवून बघायचं

दोरी ओढली तर हलेना.
गारलंड दारात उभा, टोपी हातात,
बुटांचा बर्फ वितळून माझ्या फरशीवर तळं.
म्हणे, आपोआप बंद पडली, मामी.
आपोआप काही होत नसतं. टाकीचा वास घेतला मी:
नुसतं पेट्रोल. ऑइलचा थेंब नाही.

सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली.
पिस्टनच्या अंगावर उभे राखाडी ओरखडे,
मांजरानं पडदा ओरबाडावा तसे.

गँडरचा दुकानदार फोनवर म्हणाला, नवीच घ्या.
नव्या सिलिंडरच्या पैशात दोन महिन्यांचा किराणा येतो,
आणि फेब्रुवारी सगळा शिल्लक,
स्प्रूसची अर्धी लाकडं अजून रानातच.

ॲम्ब्रोज खिडकीशी. नाकात नळी, नळीला यंत्र, यंत्राला घरघर.
म्हणतो, माझ्यात कॉम्प्रेशन राहिलं नाही, तूच कर.
हे तो हसवायला म्हणतो. मग खोकतो,
मग हसायचं राहून जातं.

शेडचं दार सताड उघडं, वारा पाठीशी घेऊन
ॲसिड. कान कोरायच्या काडीनं, एकेक रेघ.
पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलंय तिथं फेस येतो,
क्रोमवर काही नाही.
फेस थांबला की आपण थांबायचं.
पोर्टच्या कडेनं एक थेंब ओघळला
तर चांगलंसुद्धा खाईल; त्याला काय कळतं
कुठलं घरचं नि कुठलं चिकटलेलं.

खिडकीची फट करून ओरडला:
दगड लावू नकोस त्याला!
ड्रिलला लावायचे ते तीन दगड. बोटीच्या पंपाला चालले,
तो बीडाचा, रांगडा. याला क्रोमची साल फक्त,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी. फुटली की संपलं.
माहीत आहे मला. चाळीस वर्षं ऐकतेय.
खिडकी लाव, म्हटलं, गारठा आत येतोय.

मग सोडा, मग पाणी, मग बारीक घासणी
तेलात भिजवून बोटाला गुंडाळली.
वर नेताना फिरवत, खाली आणताना फिरवत,
रेघांनी रेघांना तिरपं छेदावं असं.
पहिल्या वर्षी मी आरशासारखं घासून आणलं होतं,
केवढ्या तोऱ्यात! तो कपाळाला हात लावून बसला:
तेल उभं कुठं राहणार आता?

बावीस वर्षं फिश प्लांटात होते मी.
काचेखाली दिवा, काचेवर कॉडचा तुकडा,
उजेड मांसातून वर येई आणि अळी असली
तर तपकिरी धाग्यासारखी दिसे. चिमटा. पुढचा तुकडा.
मग मासाच संपला, प्लांटला कुलूप लागलं,
डोळे मात्र तसेच राहिले, बिनकामाचे.

सिलिंडर दिव्यासमोर धरते.
एक रेघ राहिलीय, एक्झॉस्टच्या अंगाला.
ॲम्ब्रोजचा हिशेब: नखाला लागली तर भंगार,
नुसती दिसली तर चालेल.
अंगठ्याचं नख फिरवलं. नाही अडकलं.
अंगठ्यावर माझा विश्वास नाही, करंगळीचं फिरवलं.
तेही नाही.

भांड्यांच्या साबणानं धुतला, कढत पाण्यात,
पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. सातव्याला निघालं.
(फडकी म्हणजे त्याचे जुने बनियन. सांगितलं नाही.)

नवा पिस्टन, नवी रिंग. प्लग घट्ट.
आता करवत दोरीच्या मुठीनं उचलायची
आणि लोंबकळू द्यायची.
दम असेल तर अडखळत, थांबत उतरते.
नसेल तर धप्पकन खाली.

खिडकीसमोर जाऊन धरली, त्याला दिसेल अशी.
गारलंडनं हात पुढे केला. मागे हो, म्हटलं.
काचेआड ॲम्ब्रोज बोटांवर मोजू लागला.
एक. अडली.
दोन. वितभर उतरली, पुन्हा अडली.
तिसऱ्याला त्याचा श्वास पुरेना,
तेव्हा बोट वर तसंच धरून ठेवलं त्यानं,
आणि करवत अजून हवेतच होती.