पाचवी ग्रेड, भुसावळ

शांतवन सर मालगाडीचे गार्ड होते
म्हणून पहिल्याच दिवशी मी म्हटलं,
सर, ह्या पाच रेघा म्हणजे आपलं यार्डच की.
नाही, ते म्हणाले.
यार्डात दोन रुळांच्या मध्ये खडी असते.
इथे मधल्या जागेतही कुणीतरी राहतं.
लिही त्यांची नावं.

मी तेव्हा एकेचाळीस, उन्हाळा सेहेचाळीस.
चर्चमागची त्यांची खोली, पत्र्याचा कूलर.
लावला की वही उडायची,
बंद केला की घामाचा थेंब शाईवर पडून
पोकळ मिनिम भरून जायचा,
काळा क्रोचेट व्हायचा.
अर्धी किंमत गेली तुझी, सर म्हणायचे,
काढ पुन्हा.

पार्सल ऑफिसात दिवसभर केळीच्या पावत्या,
संध्याकाळी स्केल.
पहिली ग्रेड सरली, दुसरी सरली,
तिसरीत मायनर आले, तीन तऱ्हांचे,
त्यातला एक चढताना वेगळा, उतरताना वेगळा.
तो लगेच कळला.
मनुदेवीची वाट मी गुडघ्यांनी ओळखते.

मग विराम.
गप्प राहायचं तेही लिहून, मोजून.
पूर्ण विराम रेघेखाली लोंबतो,
अर्धा रेघेवर टोपी घालून बसतो.
वरातीत आबा थांबायचे
तेव्हा क्लॅरिनेट उलटी धरून थुंकी झटकायचे
आणि नवरदेवाच्या घोड्याकडे बघायचे.
त्याची खूण पुस्तकात नव्हती.
मी शोधली.

पाचवीला नाशिक.
माझ्या पुढच्या बाकावर अकरा वर्षांचा मुलगा,
कंपासपेटीवर डायनासोर.
हजेरी घेणाऱ्या बाई उखर्डू ह्या शब्दाला अडल्या,
पुन्हा वाचलं, पुन्हा अडल्या.
वडिलांचं नाव, मी म्हणाले. बँड मास्तर. पारोळा.
इतकं त्यांनी विचारलं नव्हतं.

चौथा प्रश्न:
खालील ओळ बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी आहे.
ती कानाला जशी ऐकू येईल तशी लिहा.

म्हणजे सगळं एक स्वर खाली.
डीचा सी होतो, दोन्ही शार्प गळतात.
पेन्सिल चालत होती आणि मी होते एरंडोलला,
अठ्ठ्याण्णव साल, मांडवात,
पेट्रोमॅक्सभोवती पाखरं,
नवीन कॅसिओ घेऊन आलेला हिलाल सांगतोय, काका, सी धरा,
आणि आबांनी सी धरला,
अगदी जिथे बोटं चाळीस वर्षं जात होती तिथेच,
आणि सगळा मांडव आंबला.
दोघांनी पुन्हा धरला. पुन्हा तेच.
मना सूर बराबर शे, आबा ओरडले, तुनी पेटी खोटी शे.
वरमायेने कानांवर हात ठेवले.
त्या रात्रीचे पैसे अर्धेच मिळाले
आणि पुढच्या लग्नसराईत सुपारी हिलालला.

पेटी खोटी नव्हती. सूरही नव्हता.
एकाच अक्षराची दोन घरं,
मध्ये एक पायरी,
आणि सबंध खानदेशात ती दोघांनाही
कुणी सांगितली नव्हती.
बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं
तेव्हा माझी शेवटची पट्टी ओढायची राहिली होती.

सहासष्टला पास. मला अडुसष्ट.
सरांनी मार्कांचा कागद डोळ्यांजवळ नेला,
हिरवा झेंडा दाखवावा तसा हलवला, परत दिला.
पट्टी, म्हणाले. दोन मार्क पट्टीचे.

आबांचे दात गेलेत, क्लॅरिनेट भिंतीवर आहे.
मी पारोळ्याला जाऊन कागद काढला,
वर एक ओळ, खाली एक ओळ,
हे तुम्ही वाजवता, आबा, आणि हे जगाला ऐकू येतं.
त्यांनी बराच वेळ बघितलं.
वरच्या ओळीवर बोटं ठेवली, भोकं दाबावीत तशी.
चहा गार झाला, आईने नेला.

हिलालचं आता धरणगावात
मोबाइलचं दुकान आहे.
जाय, आबा म्हणाले,
त्या पोऱ्याले सांगी ये.