बंद दार, सरासरी रीडिंग

त्या दीर्घिकेला नाव नाही.
आकाशातला पत्ता आहे फक्त, आठ आकडी.
दादा म्हणाले, ग्राहक क्रमांक.

एकतीस वर्षं मीटर वाचले त्यांनी,
पाटणीपुरा, परदेशीपुरा, मालवा मिलमागची चाळ,
कानामागे पेन्सिल, दारातून हाक: भिया, मीटर!
आता सुदामानगरच्या गच्चीवर
एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेनं टाकी भरेपर्यंत
माझ्या लॅपटॉपवरचा आलेख बघतात.

मी सांगते, मध्यभागी कृष्णविवर आहे,
त्यात पडता पडता थोडं काही उलट बाहेर फेकलं जातं,
नेमकं आपल्या रोखानं.
म्हणून रेडिओत कधी भडका, कधी नुसती धुगधुगी.
सोळा वर्षांची मोजणी आहे ही.
"लोड वाढलाय," ते एका चढावर बोट ठेवतात,
"लग्न असणार घरात."

मग मी ते सांगते जे मलाच अजून पचलेलं नाही:
जे महिन्याभरात उजळतं नि विझतं
ते महिन्याभरात प्रकाश जाईल
त्याहून फारसं मोठं नसतं.
लाखो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात
एवढीशी जागा धगधगते.
त्यांना नवल नाही.
अख्खी चाळ झोपलेली, आणि एका खोलीतल्या
चोरून लावलेल्या हीटरनं
चकती गरगरताना पाहिलीय त्यांनी.

भडका आधी वरच्या कंपनांवर दिसतो,
खालच्या कंपनांवर महिन्यांनी. तोच भडका.
आतला ढग दाट असतो,
तो पसरून विरळ झाला की मगच
लांब लाटांना वाट मिळते.
हे मी त्यांना सांगत नाही.
आई गेली तेव्हा सलील विमानतळावरच कोसळला.
दादांनी तेराव्यापर्यंत सगळी बिलं भरली,
आणि फाल्गुनात, मिक्सरचं झाकण सापडेना म्हणून
ओट्याला धरून उभे राहिले,
बराच वेळ.

"आणि हे?"
आलेखातल्या रिकाम्या जागेवर त्यांचं नख.
चौदा आठवडे. अँटेनाचं बेअरिंग बदलत होते.
"तेव्हा काही झालंच नाही?"
झालं असेल. कुणी बघत नव्हतं.

"दार बंद असलं की आम्ही सरासरी लिहायचो.
मागच्या तीन महिन्यांची.
चौकसेबाईंकडे वर्षभर तीच लिहिली मी.
नंतर कळलं, तिथं एकही दिवा लागत नव्हता."
टाकी वाहू लागते. ते उठत नाहीत.
"तू भरू नकोस ती जागा."

भरायची नसतेच.
पण परवा रात्री मी एक रेघ ओढून पाहिली होती,
दोन्ही टोकं जुळत होती,
शोभून दिसत होती.
ती पुसते.

खाली जाऊन ते मोटर बंद करतात,
आणि परतताना, सवयीनं,
जिन्याखाली वाकून
आमचाच आकडा वाचतात. मोठ्यानं.