सॉफ्टनरमागची जागा

वाघोलीत आमच्या बोअरला सातशे फुटांवर पाणी लागलं
तेव्हा पेढे वाटले होते.
नंतर कळलं, या पाण्याचा साबणाशी अबोला आहे.
डाळ शिजू देत नाही,
नळाच्या तोंडाला पांढरी मिशी आणतं.

मग सॉफ्टनर आला.
दर आठवड्याला मिठाची दोन पोती त्याच्या पोटात,
आणि रात्री तो जे ओकतो
ते पाइपातून थेट
ई विंगच्या मागच्या उतारावर.

तीन वर्षं मी सोसायटीची खजिनदार होते.
त्या उताराचा हिशेब माझ्या वहीत आहे:
सोरतापवाडीहून आणलेलं लॉन, दोनदा.
जास्वंदी अकरा.
मोगरा, कुणाच्या तरी हौसेखातर.
शेणखत एक ट्रॉली.
‘वाळले’ हा शब्द मी इतक्यांदा लिहिला
की शेवटी नुसतं ‘वा’ लिहू लागले,
आणि ऑडिटरने विचारलं, वा कशाबद्दल?

हिराजी पावसे पंप बघायचा.
मूळचा हर्णैचा. होडीचं इंजिन विकून
पुण्यात मोटारी बांधायला आलेला.
बागेशी त्याचा काही संबंध नव्हता.
गणपतीला गावी गेला आणि परतताना
ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला
हात-हातभर लांब चार कांडं,
पेरापेराला मुळांचे दात.

“मर्यादवेल,” म्हणाला.
“आमच्याकडे हिला कोण लावत नाय. आपली आपण असते.
हिच्यापुढे दर्या येत नाय.”

मी म्हटलं, पुण्यात कुठला दर्या?

त्याने पाइपाकडे बोट दाखवलं.

दीड महिना तिने काहीच केलं नाही.
रोजंदारीवरचा माळी म्हणाला, गेली.
मी वही उघडून ‘वा’ लिहिलं.
दिवाळीच्या सुमाराला, पापुद्रे सुटलेल्या त्या मातीवर
तिने एक हात पुढे काढला,
थोडं सरकून खाली टेकवला, रुजवला,
मग पुढे सरकली.
लाइट गेल्यावर जिना उतरताना
आपण कठडा चाचपतो, तसं.

पान आपट्यासारखं, मधोमध दुमडलेलं, पण जाड.
तोडलं तर दूध.
फूल जांभळं, कर्ण्यासारखं, सकाळी सात ते अकरा.
उशिरा उठणाऱ्यांनी ते कधीच पाहिलं नाही
आणि वार्षिक सभेत विचारलं,
मागे फुलझाडं का लावत नाही?

उताराची माती पार्किंगमध्ये वाहून यायची, ती थांबली.
बाकी तिने काही केलं नाही.
लोकांना वाटतं ती मीठ पिऊन टाकते.
मी मीटर लावून पाहिलंय.
मीठ तिथेच आहे, तितकंच, कधी थोडं जास्त.
ती फक्त त्याच्यात राहते.

दुसऱ्या वर्षी ती भिंतीवर चढली
आणि पलीकडच्या प्लॉटवर खडीच्या ढिगावर उतरली.
बिल्डरचं पत्र आलं:
‘आपल्या वेलीने हद्द ओलांडलेली आहे.’
उत्तरात मी सगळं लिहिलं,
वेलीचं नाव तेवढं लिहिलं नाही.
तेव्हापासून दर महिन्याला छाटणी.
छाटलेलं कुणी कुणी मागून नेतं,
पिसोळीला, उंड्रीला, जिथे जिथे टँकरचं पाणी जातं तिथे.

दसऱ्याला आमच्या पोरांनी
आपट्याऐवजी हिचीच पानं वाटली.
सोनं म्हणून घेतलं सगळ्यांनी.
घाटपांडेबाईंनी देवासमोर ठेवावं की नाही
यावर नवऱ्याशी वाद घातला,
आणि माझ्या पर्सच्या अस्तरावर
चिकाचा डाग अजून आहे.

हिराजीला मीटर दिलाय. तो खिशातच असतो.
शनिवारी पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसतो,
बोट बुडवून जिभेला लावतो,
थुंकतो,
वेलीकडे बघतो जरा वेळ.

“अजून नाय,” म्हणतो.
“दर्या याच्याहून खारा.”